अलीगड : एका घराच्या नकाशामागोमाग

अलीगड म्हटले की आपल्या लोकांना पहिल्यांदा कुलूप आठवते. मुंबईतल्या चाळीच्या खोलीला, गावाकडच्या घराला, शाळेच्या ऑफिसला, रेशनच्या दुकानाला लागलेली कितीतरी कुलपे ह्या गावची असतात. दिल्लीपासून साधारण १३० किलोमीटरवर, कानपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हे शहर आहे. गाडीने दोन-अडीच तास पुरतात. जुने नाव कोल किंवा कोईल. येथला किल्ला एके काळी शिंद्यांच्या फौजेच्या ताब्यात होता. १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी तो जिंकून घेतला, एवढाच मराठी मुलखाशी ह्या गावाचा जुना संबंध. कुलपांचा धंदा त्यानंतरचा, इंग्रजी अमदानीतला.

आम्ही मात्र कुलपांसाठी गेलो नव्हतो. मागच्या हिवाळ्यात कर्मचारी संघटनेच्या अधिवेशनासाठी आम्ही उभयता दिल्लीला गेलो होतो. अधिवेशन आटोपल्यावर परतीच्या गाडीला एक दिवस हाताशी होता. दिल्लीला गेलेली माणसे अशा वेळी आग्रा करतात. आम्ही अलीगडची गाडी धरली. त्याचे कारण म्हणजे आमच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला एक झेरॉक्सचा कागद.

तो कागद होता एका छापचित्राचा. आमच्या एका चित्रकार स्नेह्याने पुस्तकात दाखविलेले हे चित्र आम्हाला पहिल्यांदा चित्र वाटलेच नाही. त्यात माणूस नाही, झाड नाही, डोंगर नाही. काळ्या रेषांनी काढलेला घराचा नकाशा आहे, वरून पाहिल्यासारखा. भिंती कोठे, दारे कोठे, मोकळी जागा कोठे, एवढेच. आणि जागोजागी उर्दू अक्षरांत त्या त्या जागेची नावे. चित्राचे नाव आहे ‘वडिलांचे घर, १८९८ ते १९९४’. काढले आहे झरीना ह्या चित्रकर्तीने, १९९४ साली. घर आहे अलीगडचे.

आमच्या पत्नीने कागद हातात घेतला तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “अहो, ह्यात स्वयंपाकघर कुठलं?” आम्हाला उर्दू येत नाही, तिलाही येत नाही. तरी तिने बोटाने एक एक चौकोन चाचपून पाहिला आणि म्हणाली, “मधे मोठं अंगण दिसतंय. म्हणजे बायकांना वावरायला जागा असणार.” चित्रकलेचे शिक्षण नसलेल्या माणसालाही हे चित्र वाचता येते. ज्याने कधी घर झाडले आहे, पाणी भरले आहे, पाहुणा आल्यावर अंथरूण कोठे घालावे याची काळजी केली आहे, त्याला हे चित्र समजते.

झरीनाबाईंची थोडी ओळख वाचकांना करून दिली पाहिजे. त्यांचा जन्म १९३७ सालचा, अलीगडचा. वडील शेख अब्दुर रशीद हे अलीगड मुस्लिम विद्यापीठात मध्ययुगीन भारताच्या इतिहासाचे प्राध्यापक. झरीनाबाई त्याच विद्यापीठातून १९५८ साली गणित घेऊन बी.एस्सी. झाल्या. भारत सरकारच्या परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्याशी, साद हाशमी यांच्याशी, त्यांचा विवाह झाला आणि बदलीच्या नोकरीबरोबर त्यांचा संसार देशोदेशी फिरू लागला. बँकॉकमध्ये त्या लाकडी ठशांवरून चित्र छापायला शिकल्या. १९६० च्या दशकात पॅरिसला हेटर नावाच्या नामवंत छापचित्रकाराच्या कारखान्यात त्यांनी काम केले. १९७४ साली टोकियोत जपानी पद्धतीचे काम शिकल्या. पुढे अमेरिकेत न्यूयॉर्कला स्थायिक झाल्या. १९७७ साली पतीचे निधन झाले. चाळिशीत आलेले हे वैधव्य त्यांनी परक्या शहरात, स्वतःच्या हातच्या कामावर निभावून नेले. २०११ साली व्हेनिसच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात भारताचे स्वतःचे दालन पहिल्यांदाच उघडले, त्यात त्यांची चित्रे होती. २०१२-१३ साली अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयांनी त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन भरवले. चित्रांवर नाव मात्र फक्त ‘झरीना’ एवढेच. आडनाव त्यांनी बाजूला ठेवले होते.

अलीगड स्टेशनावर उतरलो की गावाचे दोन भाग लगेच लक्षात येतात. रुळांच्या एका बाजूला सिव्हिल लाइन्स आणि विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला जुने शहर. मधे कठपुला नावाचा पूल. आम्ही प्रथम विद्यापीठाकडे निघालो. रिक्षावाल्याने विचारले, “कोठी नंबर क्या है?” आमच्याजवळ नंबर नव्हता, नुसता नकाशा होता, आणि नकाशावर रस्त्याचे नाव नसते. शेवटी “युनिव्हर्सिटी का बडा गेट” एवढे सांगितले.

सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली येथे शाळा काढली. दोन वर्षांनी तिचे कॉलेज झाले आणि १९२० साली विद्यापीठ. लाल विटांच्या इमारती, घड्याळाचा मनोरा असलेला व्हिक्टोरिया गेट, स्ट्रेची हॉल, मशीद, आणि १९६० साली पंडित नेहरूंच्या हस्ते उघडलेले मौलाना आझाद ग्रंथालय. एवढे सगळे पायी पाहता येते. पण आमच्या मते ह्या गावातली मोठी गोष्ट आणखी एक आहे. १९०६ साली शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी येथे मुलींची शाळा काढली. तेव्हा मुलींना घराबाहेर शिकायला पाठवणे हे समाजाला पसंत नव्हते. ह्या नवराबायकोने विरोध सोसून शाळा चालवली, वसतिगृह काढले, आणि तिचेच पुढे महिला महाविद्यालय झाले. सावित्रीबाईंचे नाव घेणाऱ्या आपल्या माणसांनी अलीगडला गेल्यावर वहीद जहाँ बेगमचे नाव जरूर आठवावे. एका प्राध्यापकाची मुलगी १९५८ साली गणित घेऊन पदवीधर होते, त्यामागे हे आधीचे कष्ट आहेत.

ह्या भागात जुने बंगले अजून दिसतात. जाड भिंती, पुढे व्हरांडा, आत अंगण, कोपऱ्यात लिंब. उन्हाळ्यात येथे लू वाहते. दुपारी दारे-खिडक्या लावून सगळे घर निजते आणि रात्री खाटा अंगणात येतात. झरीनाबाईंनी १९९१ साली ‘चार भिंतींचे घर’ नावाचा एक छोटा चित्रसंच काढला होता, त्यात लहानपणच्या अशा आठवणी आहेत. हे वातावरण पाहिल्यावर त्या नकाशातली मोकळी जागा एवढी मोठी का, हे उमगते. त्यांचे नेमके घर आम्ही शोधले नाही. परक्याच्या दारावर थाप मारून “येथे पूर्वी कोण राहत होते” असे विचारणे आम्हाला बरे वाटले नाही. आम्हाला गाव पाहायचे होते, ऊन पाहायचे होते.

दुपारी पूल ओलांडून जुन्या शहरात आलो. उंचावरची जामा मशीद, खाली उतरत जाणाऱ्या गल्ल्या, आणि गल्लीगल्लीत कुलपांचे काम. हा धंदा काही एका छपराखाली चालत नाही. एका घरात पत्रा कापतात, दुसऱ्यात भोके पाडतात, तिसऱ्यात कानशीने घासून चावी बसवतात, पुढे मुलामा, मग पॉलिश. एका कुलपाला किती हात लागतात ते मोजता येणार नाही. काळवंडलेली बोटे, डोळ्यांत उडणारा किस, मुलाम्याच्या टाक्यांचा नाकात झोंबणारा वास. सगळ्या देशाच्या दारांना कुलूप पुरवणाऱ्या ह्या कारागिरांच्या स्वतःच्या घरात कुलूप लावून जपावे असे फारसे काही नसते. आमच्या ओळखीचे गिरणीकामगार अशाच गोष्टी सांगत. लाखो वार कापड विणले, पण अंगावर सदरा ठिगळाचा.

तेथेच एका ओट्यावर चहा पिताना आम्ही तो कागद पुन्हा काढला, कारण हे चित्रही पत्र्याचे आणि तेजाबाचेच काम आहे. त्याला इंग्रजीत एचिंग म्हणतात, मराठीत अम्लरेखन. पद्धत अशी. जस्ताचा किंवा तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ लेप द्यायचा. लेप वाळला की अणकुचीदार सुईने त्यावर रेघ ओढायची. सुई लेप खरवडते, खाली धातू उघडा पडतो. मग पत्रा तेजाबात सोडायचा. लेप आहे तेथे तेजाब पोचत नाही. रेघ आहे तेथे तो धातू खातो आणि चर पडतो. जास्त वेळ ठेवले तर चर खोल, रेघ काळी ठसठशीत. कमी वेळ ठेवले तर रेघ हलकी. नंतर लेप धुऊन काढतात, पत्र्यावर शाई चोपडतात आणि फडक्याने पुसून घेतात. वरची शाई जाते, चरातली राहते. त्यावर ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढला की चरातली शाई कागद शोषून घेतो.

ह्यात दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही, की पत्र्यावर जे काढाल ते कागदावर उलटे उमटते. अक्षर सुलटे यावे असे वाटत असेल तर पत्र्यावर ते उलटे असावे लागते. दुसरी ही, की एकदा तेजाबाने खाल्लेली रेघ सहजासहजी पुसता येत नाही. पेन्सिलची रेघ खोडता येते, हिला खोडायची तर पत्राच घासावा लागतो. घराच्या आठवणीसाठी झरीनाबाईंना हे साधन योग्य वाटले असावे, असे आम्हाला वाटते. घर सुटते तेव्हा आठवणही अशीच तेजाबासारखी आत शिरते. आणि मागे वळून पाहताना डावे उजवे होते, पुढचे मागे होते. नीट उमटावे म्हणून माणसाला मनातल्या मनात सगळे उलटे मांडून पाहावे लागते.

त्यांचे घर सुटले कसे, ते आता सांगितले पाहिजे. १९४७ साली देशाची फाळणी झाली तेव्हा झरीनाबाई दहा वर्षांच्या होत्या. सर सिरिल रॅडक्लिफ नावाचे इंग्रज वकील त्या जुलैत हिंदुस्थानात पहिल्यांदाच आले, सुमारे पाच आठवड्यांत त्यांनी नकाशावर सरहद्दीची रेघ ओढली आणि १७ ऑगस्टला ती जाहीर झाली. त्या रेघेने लाखो माणसे मेली आणि कोट्यवधींना घर सोडावे लागले. इकडे पंजाबातून आलेल्या हिंदू-शीख निर्वासितांच्या छावण्या, तिकडे त्याच दिल्लीत पुराना किल्ला आणि हुमायूनच्या कबरीजवळ घाबरून जमलेल्या मुसलमान कुटुंबांच्या छावण्या. दंगलीच्या दिवसांत झरीनाबाईंच्या कुटुंबालाही काही काळ घर सोडून जावे लागले. नंतर ते परत अलीगडला आले. पण पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस आईवडील कराचीला गेले ते गेलेच. मुलगी परदेशी, आईवडील दुसऱ्या देशात, आणि घर तिसरीकडे. त्या तिघांना एकत्र आणणारा एकच कागद पुढे उरला, तो म्हणजे हा नकाशा.

थोरली बहीण राणी कराचीत होती. ती झरीनाबाईंना उर्दूत पत्रे लिही. त्यांतली काही तिने लिहिली आणि टाकलीच नाहीत. आईवडिलांच्या मृत्यूची, घर विकल्याची बातमी त्यांत होती. परदेशात एकटी असलेल्या धाकट्या बहिणीला ती वाचून किती यातना होतील, असे त्या माउलीला वाटले असेल. पुष्कळ वर्षांनी ही पत्रे झरीनाबाईंच्या हाती आली. २००४ साली त्यांनी त्यांची आठ छापचित्रे केली. बहिणीचे हस्ताक्षर, आणि त्यावर घराचा नकाशा किंवा गावाच्या रस्त्यांच्या रेषा. ज्यांच्या घरी अजून जुन्या ट्रंकेत पोस्टकार्डे जपून ठेवलेली आहेत, त्यांना ह्या चित्रांचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

‘वडिलांचे घर’ काढल्यानंतर तीन वर्षांनी, १९९७ साली, त्यांनी नऊ एचिंगांचा दुसरा संच केला. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर ‘मी केलेली घरे : नऊ रेषांतले आयुष्य’. लग्नानंतर ज्या ज्या गावी बिऱ्हाड मांडले, तिथल्या घरांचे हे नकाशे आहेत. बँकॉक, दिल्ली, पॅरिस, टोकियो, न्यूयॉर्क अशी गावे बदलत गेली आणि प्रत्येक वेळी चार भिंतींत नव्याने घर उभे करावे लागले. नावातला ‘मी केलेली’ हा शब्द आमच्या पत्नीला फार आवडला. ती म्हणाली, “बापाचं घर बापाचं. पण पुढची सगळी घरं बाईनं केलेली असतात. भाड्याची असली म्हणून काय झालं?” भाडेपावतीवर, करारावर, सातबाऱ्यावर बहुधा पुरुषाचे नाव असते. खिळा कोठे ठोकावा, डबे कोणत्या फळीवर, पाण्याचे पिंप कोठे, मुलाचा अभ्यास कोणत्या दिव्याखाली, हे सारे बाईने ठरवलेले असते. ते कोणत्याही दप्तरात नोंदलेले नसते. ह्या नऊ पत्र्यांवर ते नोंदले गेले आहे.

आमची नोकरी टेबलावरची. आलेले अर्ज तपासणे हे रोजचे काम. प्रत्येक अर्जात दोन रकाने असतात, ‘सध्याचा पत्ता’ आणि ‘कायमचा पत्ता’. पहिला रकाना माणसे झटकन भरतात. दुसऱ्यापाशी पेन थांबते. एकदा एका वयस्क गृहस्थांनी विचारले, “साहेब, गावचं घर पावसात पडलं, जागा चुलत्यांनी घेतली. तरी तेच लिहू का?” नियमाने काय लिहावे ते आम्ही सांगितले. पण त्या गृहस्थांना नियम विचारायचा नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. झरीनाबाईंना कोणी हा अर्ज दिला असता तर त्यांनी दुसऱ्या रकान्यात तो अलीगडचा नकाशाच काढला असता.

१९९९ साली त्यांना न्यूयॉर्कमधले भाड्याचे घरही सोडावे लागेल अशी वेळ आली होती. ज्या समाजाने झोपडी तुटताना पाहिली आहे, पागडीच्या खोलीसाठी कोर्टाच्या खेपा घातल्या आहेत, त्याला ह्या धास्तीची कल्पना आहे. त्या धास्तीत त्यांनी छत्तीस लाकूडठशांचा संच केला. ‘घर हा परका मुलूख’ अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. प्रत्येक चित्राला उर्दूतला एक शब्द. घर, उंबरठा, दार, अंगण, भिंत, भाषा, सरहद्द अशा अर्थाचे हे शब्द, आणि त्या शब्दाजोगी मोजकी आकृती. दरवाजा, दिवार, सरहद्द हे शब्द तर आपल्याही तोंडी आहेत. माणूस देश सोडतो, घर सोडतो, पण घराच्या भागांची नावे तो ज्या भाषेत शिकला, ती भाषा सोडत नाही. म्हणून नकाशावर उर्दू.

येथे एखादा वाचक विचारील की, प्राध्यापकाची मुलगी, मोठ्या अधिकाऱ्याची पत्नी, विमानाने जगभर फिरलेली. तिच्या दुःखाशी आमचा काय संबंध? शंका रास्त आहे आणि तिला रास्त उत्तर दिले पाहिजे. त्यांचे घर आणि आपले घर एकसारखे नव्हते. त्यांच्या नकाशात भिंतींच्या आत मोठे अंगण आहे. आपल्या आजोबांच्या गावाचा नकाशा काढला तर आपला वाडा भिंतीच्या बाहेर येतो, पाणवठा निराळा येतो, आणि गावातून जाणारी वाटही सगळी मोकळी नसते. झरीनाबाईंच्या घराण्याला घर सोडणे हे ओढून तोडल्यासारखे झाले. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांना गाव सोडणे ही सुटका होती. मुंबईच्या गिरणीत, रेल्वेत, गोदीत, नागपूरच्या मिलमध्ये त्यांनी घाम गाळला, पण तेथे कोणी त्यांना जोहार घालायला लावले नाही. तेव्हा गाव सुटले म्हणून सगळ्यांनी सारखेच रडावे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही.

परंतु सुटका झाली म्हणून आठवण जात नाही. त्या वेशीबाहेरच्या घरातही आई होती. चूल होती. पहिल्यांदा शाळेत गेलेल्या मुलाची पाटी कोनाड्यात होती. अपमान कोठे झाला ती जागा आणि माया कोठे मिळाली ती जागा, दोन्ही एकाच नकाशावर असतात. म्हणून आपला नकाशा अधिक अवघड आहे आणि त्यामुळेच तो काढण्याची गरजही अधिक आहे. वाड्यांचे आणि राजवाड्यांचे नकाशे सरकारी दप्तरात मिळतात. आपल्या घरांचे मिळत नाहीत. ते माणसांच्या डोक्यात आहेत, आणि ती माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

२०२० सालच्या प्रारंभी दिल्लीच्या किरण नादर कला संग्रहालयात झरीनाबाईंच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन लागले होते. मार्चात करोनाची साथ आली. २४ मार्चच्या रात्री चार तासांच्या मुदतीने सगळा देश बंद झाला. पोटासाठी शहरात आलेल्या मजुरांपुढे एकच वाट उरली, ती म्हणजे घरची. दिल्लीच्या आनंद विहार बसस्थानकावर लोटलेली गर्दी आपण सर्वांनी पाहिली. हजारो कुटुंबे मुले खांद्यावर घेऊन चालत निघाली. आपल्या महाराष्ट्रात जालन्याहून मध्य प्रदेशाकडे पायी निघालेले मजूर ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर थकून झोपले आणि त्यांतले सोळा जण मालगाडीखाली गेले. त्याच दिवसांत, २५ एप्रिल २०२० रोजी, झरीनाबाई लंडनमध्ये वारल्या. अलीगडपासून दूर, शेवटच्या परक्या शहरात. त्या मजुरांच्या मनात त्या वेळी कोणता नकाशा असेल, याचा आम्ही बरेचदा विचार करतो. शहराने त्यांना खोली दिली होती, काम दिले होते, पण संकट येताच पाय आपोआप वळले ते दुसऱ्याच उंबऱ्याकडे.

झरीनाबाईंना तरुणपणी ग्लायडर उडवण्याचा छंद होता. इंजिन नसलेले ते विमान वाऱ्यावर तरंगते आणि खाली घरे, शेते, रस्ते रेघांसारखे दिसतात. घर वरून पाहण्याची सवय त्यांना कदाचित तेथून लागली असेल. आपल्याला त्यासाठी आकाशात जाण्याची गरज नाही. वहीचा दुरेघी कागद आणि पेन्सिल पुरे.

वाचक बंधुभगिनींना आमची एक सूचना आहे. येत्या रविवारी घरातल्या शाळकरी मुलामुलींना आजी-आजोबांजवळ बसवावे. आजी-आजोबा नसतील तर आत्या, चुलते, शेजारचे कोणी जाणते. मुलांनी विचारावे आणि कागदावर रेघा ओढाव्यात. घराचे तोंड कोणीकडे होते? चूल कोठे, पाण्याचा रांजण कोठे, पाणी किती लांबून आणावे लागे? माणसे किती आणि रात्री कोण कोठे निजे? कोणत्या खोलीत कोणाचा जन्म झाला? बाबासाहेबांची तसबीर कोणत्या भिंतीला होती? बाहेर कोणती वाट होती आणि कोणत्या वाटेने जायला मनाई होती? जागांची नावे वडीलधाऱ्यांच्याच तोंडची लिहावीत. पडवी, ओटा, माजघर, परसू, न्हाणी, जे ते म्हणतील ते. शुद्ध करू नयेत. शहरातल्या पहिल्या खोलीचाही नकाशा काढावा. मोरी, माळा, फळी, गॅलरीतला नळ. रेघ वाकडी आली तरी चालेल. आजी म्हणेल, “नाही रे, खिडकी ह्या बाजूला.” मग खोडून पुन्हा काढावी. तेजाबात घालण्याआधीची ही वेळ आहे, अजून खोडता येते.

कागद तयार झाला की खाली सांगणाऱ्याचे नाव लिहावे, काढणाऱ्याचे लिहावे, आणि दोन सालं लिहावीत. एक घरात आलो ते साल आणि दुसरे घर सोडले ते. झरीनाबाईंनीही वडिलांच्या घराच्या नावातच सालं लिहून ठेवली आहेत.